चित्र किती साफ ठेवावं

टेलिव्हिजन नावाची काही चीज असते हे अमरावतीत वर्तमानपत्रापुरतंच ठाऊक होतं. दिल्लीला ती आहे म्हणत. पण दिल्लीला काय नसतं! त्यामुळे एकसष्ट सालच्या जानेवारीत शेतकी आणि औद्योगिक प्रदर्शनात मुंबईची एक कंपनी ते यंत्र घेऊन आली, तेव्हा बैलजोड्या आणि तेलाची इंजिनं पाहायला आलेली माणसं सगळं सोडून दोन तंबूंभोवती गोळा झाली. एका तंबूत कॅमेरा आणि चार मोठे दिवे. शंभर पावलांवरच्या दुसऱ्या तंबूत काचेचा पडदा असलेली पेटी. मध्ये जमिनीवरून गेलेली जाड काळी वायर. इकडे माणूस बोलला की तिकडे तो बोलताना दिसायचा. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलांच्या दमण्या भरभरून लोक येत आणि तोंड उघडं टाकून पाहत बसत.

यंत्र चालवायला दोघं होते. एक कंपनीचा इंजिनियर सबनीस, आणि दुसरा कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारा पंजाबराव. पंजाबराव मूळचा तिवशाकडचा, शेतकऱ्याघरचा, घराण्यात पहिला शिकलेला. तार, दिवा, भिंग यांतलं त्याला कळतं म्हणून प्रदर्शनाच्या कमिटीने त्याला पंधरा दिवस कॉलेजकडून मागून घेतलं होतं. सबनीस दुसऱ्या तंबूत पेटीजवळ बसे, पंजाबराव कॅमेऱ्यामागे. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडी होती. ती बोटभर उजवीकडे फिरवली की चेहरा लख्ख. डावीकडे आणली की साय धरल्यासारखा मऊ.

पहिल्या दिवशी कडी उजवीकडे होती. कमिटीचे अध्यक्ष, शहरातले जुने वकील, उद्घाटनाचं भाषण करायला दिव्यांसमोर उभे राहिले. भाषण शेतीच्या प्रगतीवर होतं. पण तिकडच्या तंबूत लोकांनी पाहिली ती अध्यक्षांची कवळी, जी प्रत्येक वाक्याला वर-खाली व्हायची, आणि गळ्याखाली लोंबणारी कातडी. दोनशे माणसं हसली. चाळीस वर्षं ज्या माणसापुढे कोर्टात कोणी खोकलं नव्हतं, त्याच्यावर हसली. संध्याकाळी कमिटीची बैठक बसली आणि ठराव झाला की चित्र इतकं साफ दाखवण्याचं काही कारण नाही.

सबनीस भडकला. कंपनीने एवढं भिंग कशासाठी घडवलं, असं तो पंजाबरावाला विचारत राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "पाठवणाऱ्याने आहे तसं पाठवावं. उद्या हे यंत्र घरोघर येईल. तेव्हा कोणाचं साफ दाखवायचं आणि कोणाचं धूसर, हे एकदा पाठवणारा ठरवायला लागला, की संपलंच."

पंजाबरावाला हे मुंबईचं बोलणं वाटलं. माणूस चारचौघांत जाताना तोंड धुऊन, टोपी सरळ करून जातो; तशीच ही कडी जरा डावीकडे. धूसर चित्राने कोणाचं काय बिघडतं? माणसाला स्वतःवर येईपर्यंत असंच वाटतं. त्याने दुसऱ्या दिवसापासून कडी डावीकडे ठेवली आणि खरोखरच सगळे खूश झाले. मास्तर तरुण दिसू लागले, मास्तरणी गोऱ्या दिसू लागल्या आणि कॅमेऱ्यापुढे येण्यासाठी चिठ्ठ्या येऊ लागल्या.

तिसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण मैनाबाई मुलीला घेऊन तिवशाहून आली.

मैनाबाई विधवा होती आणि पंजाबरावाची अर्धी आईच होती. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. बहिणीनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं. तिची एकुलती मुलगी सुभद्रा, वय वीस. पोरगी उंच, हुशार, गळा असा की गावातल्या बाया दळताना तिला मुद्दाम बोलावून घेत. पण सहाव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या आणि जाताना तोंडभर वण ठेवून गेल्या होत्या. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी. सात स्थळं आली होती. सात वेळा सुभद्रा पाटावर बसली, सात वेळा पाहुण्यांनी पोहे खाल्ले, सुपारी घेतली आणि नंतर निरोपच पाठवला नाही. आता आठवी वेळ कधी, हे गावातल्या बाया ओसरीवरून मोजू लागल्या होत्या.

आपल्याकडे अशा वेळी मुलगी घरी दाखवत नाहीत, देवळात दाखवतात. मुलाकडचे दर्शनाला आले, मुलगी प्रदक्षिणा घालून गेली. पसंत पडली तर ठीक, नाही तर कोणी कोणाकडे आलंच नव्हतं. अब्रू झाकलेली राहते. मैनाबाईने अमरावतीला अंबादेवीच्या देवळात हाही उपाय करून पाहिला होता. आता तिच्या डोक्यात देवळापेक्षा नामी जागा आली होती. तेल्हाऱ्याचं एक चांगलं जमीनदार घर होतं, काळ्या जमिनीचं, सात पिढ्यांचं. मुलगा शालिग्राम, त्याचा कारभार पाहणारा चुलता खुशालराव. ते प्रदर्शनाला येणार होते. सुभद्रेने कॅमेऱ्यापुढे ओव्या म्हणाव्या, तिकडच्या तंबूत मुलाकडच्यांनी गर्दीत बसून पाहावं. मुलानेही दोन शब्द बोलावे, म्हणजे सुभद्रेला तो दिसेल.

"आन ते तुहं भिंग का काय ते," मैनाबाई म्हणाली, "थोडंसं डावीकडंच ठेवजो बरं, पंजाब."

तिला कडीचं कसं कळलं? दुपारभर तंबूत बसून तिने पाहिलं होतं. शिवाय अध्यक्षांची गोष्ट एव्हाना सगळ्या गावाला पाठ झाली होती. पंजाबरावाने विचारलं, की लग्नानंतर काय? वण तर दिसणारच. मैनाबाईचं उत्तर तयार होतं. एकदा तोंडात साखर पडली की तेल्हाऱ्याचं घर शब्द फिरवणार नाही. आणि एकदा सुभद्रा घरात गेली की तिच्या हातचं काम पाहून तोंड कोण पाहतं. पंजाबराव हो म्हणाला. बहिणीला नाही म्हणण्याची त्याला सवयच नव्हती.

खरं तर तेव्हाच त्याला खटकायला हवं होतं. मुलाकडची माणसं कधी असली सोय मान्य करतात? त्यांना पाट हवा, पोहे हवेत, मुलगी चालताना पाहायची असते, वाचताना ऐकायची असते. हे तेल्हाऱ्याचे पाटील मात्र एका निरोपात कबूल झाले.

ठरल्या दिवशी सकाळीच खुशालराव एकटा कॅमेऱ्याच्या तंबूत आला. पांढरंस्वच्छ धोतर, काळा कोट, मिशीला पीळ, बोलणं गोड. त्याने पंजाबरावाची विचारपूस केली, कॉलेजची केली, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मग अगदी सहज भिंगाकडे बोट दाखवलं. "पंजाबराव, आमचं पोरगं लई लाजरं हाये. चित्र जास्त साफ नोका करू."

पंजाबरावाला आधी हायसं वाटलं. दोन्ही बाजू एकच मागतात, म्हणजे त्याचं काम सोपं. खुशालराव निघून गेल्यावर मात्र ते हायसं वाटणं टिकेना. मुलगी झाकली जाते, यात नवल नाही. मुलगा कशाला झाकायचा? त्याने दोनदा कडीला हात लावला आणि दोनदा काढला. तंबूबाहेर कडबा कापण्याच्या यंत्राचा खडखडाट चालू होता आणि त्याला उगीचच तहान लागत होती.

दुपारी तीनला शालिग्राम आला. पंचविशीचा, भरल्या अंगाचा, देखणा म्हणावा असा. डोक्याला फेटा कपाळावर खाली ओढलेला, गळ्याला मफलर गालापर्यंत. जानेवारीची थंडी होती हे खरं. पण चार दिव्यांपुढे थंडी कुठली टिकते? त्या दिव्यांपुढे उभं राहिलं की दोन मिनिटांत माणूस पाझरू लागे. पंजाबरावाने मफलर काढायला सांगितलं. शालिग्रामने बाहेर उभ्या असलेल्या चुलत्याकडे पाहिलं आणि मगच काढला.

तो कपाशीच्या पेरणीबद्दल बोलू लागला. हळू, नीट, अभ्यास केल्यासारखा. पंजाबराव कॅमेऱ्यामागून पाहत होता. कपाळावर घाम आला, नाकावर आला, ओठांवर आला. डाव्या गालावर मात्र रुपयाएवढी एक जागा होती, भोवतालच्या कातडीपेक्षा जरा फिकट, आणि ती कोरडी राहिली. सगळा चेहरा निथळत होता आणि तेवढी जागा कोरडी. डावी भुवई बाहेरच्या टोकाला विरळ झालेली होती.

मग तो वास आला. पंजाबरावाला वाटलं, वायर जळते आहे. त्याने झटकन वायर पाहिली, दिवे पाहिले, आणि मग त्याला दिसलं. बोलता बोलता शालिग्रामने आधारासाठी डावा हात शेजारच्या दिव्याच्या पत्र्याच्या टोपीवर टेकला होता. त्या टोपीला हात लागला तर माणूस किंचाळून मागे उडे. पहिल्याच दिवशी सबनीसाच्या बोटाला तिथे फोड आला होता. शालिग्राम बोलत होता. कोणत्या महिन्यात वखर फिरवावं, बी किती खोल टाकावं. आणि त्याच्या तळहाताखालून धुराची बारीक रेघ वर जात होती.

पंजाबरावाने धावत जाऊन त्याचा हात ओढला. शालिग्रामने तळहात पाहिला. भाजलेल्या कातडीकडे त्याने दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं, आणि मग पंजाबरावाकडे. त्या नजरेत जे भय होतं ते पंजाबराव जन्मात विसरला नाही.

"दुखत नाई, मास्तर," तो कुजबुजला. "तेच तं."

खुशालराव आत आला, पुतण्याचा हात मफलरमध्ये गुंडाळला आणि दिव्याचा जरा चटका बसला, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत त्याला घेऊन गेला. जाताना त्याने पंजाबरावाकडे एकदा वळून पाहिलं.

पंजाबराव काय समजायचं ते समजला होता. दोन वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या पोरांना घेऊन गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात विहीर खणायला गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं: आधी फिकट डाग, डागावर घाम नाही, मग चटका कळत नाही. आणि हेही सांगितलं होतं की आता गोळ्या निघाल्या आहेत, वेळेवर आलेला माणूस बरा होतो, भ्यायचं कारण नाही, लपवू नका तेवढं. रोग म्हणजे पाप नव्हे. पण हे घर तो पोराच्या हाताबोटांसकट पुरून टाकायला निघालं होतं. गोळ्या घ्यायला आश्रमाची पायरी चढावी लागली असती आणि ती पायरी तेल्हाऱ्याने पाहिली असती. त्यापेक्षा एक सून आणावी. तीही अशी, सात घरांनी नाकारलेली, जिच्या माहेराला तोंड वर करून विचारता येणार नाही.

पुढच्या कार्यक्रमाला अर्धा तास होता. मध्ये एक पहिलवान जोर काढून दाखवणार होता. पंजाबराव कॅमेरा त्याच्यावर तसाच सोडून शंभर पावलं धावत गेला आणि मैनाबाईला तंबूमागे बोलावून त्याने सगळं सांगितलं. डाग, घाम, धूर, सगळं. ती ऐकत होती. तिचा चेहरा एकदा पांढरा पडला आणि मग हळूहळू घट्ट झाला. तिला पडद्यावर जो दिसला होता तो देखणा होता, फेटेवाला होता, पेरणीबद्दल शहाण्यासारखा बोलत होता. पंजाबराव म्हणाला की ते चित्र मी धूसर ठेवलेलं होतं.

"मालूम हाये मले," मैनाबाई म्हणाली. "माह्या पोरीचंबी तू झाकूनच राहिला ना? त्यायचं त्यायनं झाकलं, आपलं आपन झाकलं. फिटंफाट."

तो पुन्हा बोलू लागला तेव्हा तिने त्याला थांबवलं. चटका सोसला असेल, मर्द माणूस आहे. डाग थंडी-वाऱ्याचाही असतो. आणि खरंच तसलं काही असलं, तरी नवऱ्याच्या घरी दुखणं काढणं आणि माहेरच्या ओसरीवर जन्म काढणं, यांतलं कोणतं बरं, हे त्याने वीस वर्षं पोरगी सांभाळून मग सांगावं. या स्थळाच्या आड आलास तर बहीण मेली समज, असं ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून, हसऱ्या तोंडाने तंबूत जाऊन बसली.

पंजाबराव कॅमेऱ्याच्या तंबूत परत आला. सुभद्रा दिव्यांपुढे उभी होती. हिरवं लुगडं, केसांत शेवंतीची वेणी, तोंडाला पावडर. तिने पडद्यावर शालिग्रामला पाहिलं होतं आणि तिच्या डोळ्यांत सात वेळांनंतर पहिल्यांदाच थोडी आशा होती. 

त्याच्या हातात एवढंच होतं. बहीण ऐकत नव्हती, मुलाकडच्यांना भांडून परत पाठवायची छाती नव्हती. पण कडी त्याच्या बोटांत होती. तेल्हाऱ्याच्या पाटलांना वण लख्ख दिसले, तर सात घरांसारखे तेही उठून जातील. पोरगी रडेल, बहीण शिव्या देईल. पण पोरगी वाचेल. त्याला हे बरोबर वाटलं. इतकं बरोबर वाटलं की त्याने दुसरा विचारच केला नाही.

सुभद्रेने ओवी सुरू केली. आवाज काय लागला होता! पंजाबरावाने कडी बोटभर उजवीकडे फिरवली.

भिंगामागच्या छोट्या काचेत तिचा चेहरा वर आला. प्रत्येक वण, त्या वणाची कड, पावडर कुठे बसली आणि कुठे नाही, सगळं. तिकडच्या तंबूतून आधी गलका आला, मग बायांचा "अगं बाई" असा मोठा सूर, मग हशा. शंभर पावलांवरूनही ते कनातीतून ऐकू येत होतं. सुभद्रा गाता गाता अडखळली. तिने भिंगाकडे पाहिलं, मग भिंगावरच्या मामाच्या बोटांकडे. ती बावळट नव्हती; दोन दिवस तंबूत बसून मास्तरणी कशा दिसतात ते तिने पाहिलं होतं. तरी तिने ओवी सोडली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली, हात जोडले आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

सबनीस धावतच आला. त्याला आनंद झाला होता. "वा पंजाबराव! अखेर माणसाचं तोंड माणसासारखं दिसलं. आता कडी इथेच ठेवा." पंजाबराव त्याच्या अंगावर धावून जाणार होता, पण त्याच्यामागून खुशालराव येताना दिसला आणि तो थांबला. आता हा नाही म्हणेल. आता कोट झटकून निघून जाईल.

खुशालराव हसत होता. त्याने पंजाबरावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कनातीशी नेलं.

"पोरगी पसंत हाये आमाले," तो म्हणाला. "झालं ते बरंच झालं. तुमचं आमाले दिसलं. आमचं तुमी जवळूनच पाह्यलं. आता कोनी कोनाचं काढाचं नाई. फागुनात अकोल्याले लगन उरकून टाकू."

एवढं बोलून तो मैनाबाईकडे गेला. थोड्याच वेळात तिकडून तिचा हसण्या-रडण्याचा मिसळलेला आवाज आला आणि कोणीतरी बाजारात साखर आणायला धावलं.

पंजाबराव कॅमेऱ्याच्या तंबूत उभाच होता. त्याने उपाय म्हणून जे केलं होतं त्यानेच गाठ पक्की झाली होती. वण झाकलेले असते तर पुढेमागे ते खुशालरावाला कळले असते, कदाचित भांडण झालं असतं, कदाचित मोडलंही असतं. आता या पोरीला काहीही सोसायला लावलं तरी तिच्या बाजूने कोणी ब्र काढणार नाही, याची त्या घराने भर तंबूत, दोनशे माणसांत, डोळ्यांनी पाहून खात्री करून घेतली होती. त्याला स्वतःची किळस आली.

सबनीस दिवे मालवून बाहेर गेला. सुभद्रा पुढे आली. ती रडत नव्हती. पदराने तिने तोंडावरची पावडर पुसून काढली होती आणि दिव्यांच्या उष्णतेने गाल लाल झाले होते.

"मामा," ती म्हणाली, "माह्यं तोंड इतकं साफ दाखवलं. त्याचं काहून नाई दाखवलं?"

पंजाबरावाने खाली पाहिलं. वायरीवर कोणाच्या तरी चपलेचा चिखल लागला होता. मग त्याने मान वर केली आणि तिला सगळं सांगितलं. कोरडा गाल, भुवई, दिव्यावरचा हात, धूर. गोळ्या असतात हेही सांगितलं आणि ते लोक त्या घेणार नाहीत हेही. 

"मायले सांगतलं?"

"सांगतलं."

"मंग माय काय म्हने?"

पंजाबरावाने तोंड उघडलं. बहिणीचं ते फिटंफाटीचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं, शब्दनशब्द. पण ते या पोरीसमोर त्याला म्हणता येईना. सुभद्रा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या छोट्या काचेत तिचा चेहरा जितका साफ दिसला होता, तितकाच आता मामाचा तिला दिसत असावा.

बाहेरून मैनाबाईने हाक मारली. "सुभद्रे, ये वं बाई. पाहुणे वाट पाहून राहिले. साखर घे."

"आली," सुभद्रा म्हणाली, आणि डोक्यावरून पदर घेऊन गेली.